शिंका, चोंदलेलं नाक, खाजणारे डोळे परत परत? सोलापुरात आधी काय तपासायचं आणि घरचे कोणते उपाय खरंच चालतात

पहाटे उठल्या उठल्या सटासट शिंका, नाकातून पाण्यासारखं गळतंय, टाळू आतून खाजतेय, डोळे लाल आणि दुपारपर्यंत डोकं जड. गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. मग कोण म्हणतं काढा घे, कोण म्हणतं मध खा, कोण नाकात तेल सोडायला सांगतं, माणूस बिचारा सगळं करून बघतो आणि शेवटी म्हणतो घरगुती उपायांचा काही उपयोग नाही. उपयोग असतो हो, पण ज्या वस्तूने त्रास होतोय ती उशाशी तशीच ठेवून वरून कितीही काढे घेतले तरी फरक पडणार कसा? म्हणून मी उपाय नंतर सांगते, आधी त्रास कुठून येतोय ते शोधा.

त्याच्याही आधी ही ॲलर्जीच आहे का ते बघा. सर्दी असेल तर अंग मोडून येतं, थोडा ताप असतो, घसा दुखतो, शेंबूड घट्ट होत जातो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. ॲलर्जीत ताप नसतो, खाज असते (नाक, डोळे, टाळू, कानाच्या आत), शिंका एकामागून एक येतात, पाणी स्वच्छ असतं आणि हे महिनोन्‌महिने चालतं किंवा ठराविक सीझनला येतं. लहान मुलं तळहाताने नाक वर ढकलत राहतात, काही दिवसांनी नाकावर आडवी रेघ पडते, डोळ्यांखाली काळं दिसतं, तोंड उघडं ठेवून झोपतात. हे दिसलं तर "सारखी सर्दी होते याला" म्हणून दरवेळी अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. आणि एकाच बाजूची नाकपुडी कायम बंद असेल, किंवा एकाच बाजूने रक्त-घाण येत असेल तर घरी काही करत बसू नका, कानाच्या-नाकाच्या डॉक्टरांना दाखवा, नाकाचं हाड वाकडं असू शकतं, आत मास वाढलेलं असू शकतं, लहान मुलाने शेंगदाणा किंवा मणी घातलेला असू शकतो.

आता शोधायचं कसं. एका वहीत फक्त एवढं लिहा की त्रास किती वाजता झाला, कुठे होतात आणि त्याआधी काय केलं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक चित्र समोर येतं. पहाटे अंथरुणातच शिंका सुरू होतात तर संशय गादी-उशीवर. उन्हाळ्यात कूलर लावला की नाक चोंदतं तर कूलरवर. पाऊस संपल्यावर, बाहेर गेलं की जास्त, तर गवतावर आणि परागकणांवर. कामावर गेलं की त्रास आणि सुट्टीला बरं वाटतं तर कामाच्या जागेवर. आपल्या सोलापुरात हवा मुळातच कोरडी, वारा आणि धूळ दोन्ही भरपूर, 2019 ला केंद्राने स्वच्छ हवेचा कार्यक्रम काढला त्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आहेच. त्यामुळे धूळ सगळ्यांनाच लागते, पण नुसत्या धुळीने होणारा ठसका आणि ॲलर्जी या वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मिरची कांडायला नेली की गिरणीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला शिंका येतात, ती ॲलर्जी नव्हे, तिखटाचा ठसका आहे, बाहेर आलं की थांबतो.

गादीचं बघूया, कारण सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. कापसाची जुनी गादी, तिच्यावर जाडजूड सोलापुरी चादर, कपाटावर रचून ठेवलेल्या वाकळा. यात डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात (डॉक्टर त्यांना डस्ट माइट म्हणतात), ते आपल्या अंगाची गळालेली त्वचा खाऊन जगतात आणि त्यांच्या विष्ठेने ॲलर्जी होते. आपल्याकडचं ऊन हा यावर फुकटचा उपाय आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा गाद्या-उशा गच्चीवर दिवसभर टाका, दुपारी उलट्या करा. उन्हाने किडे मरतात पण विष्ठा आतच राहते, म्हणून नंतर झोडपायला हवंच, आणि ज्याला त्रास आहे त्याने झोडपायचं नाही, त्याने गच्चीवर थांबायचंसुद्धा नाही. चादरी, उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा चांगल्या कढत पाण्यात धुवा, साधारण 60 डिग्रीच्या, म्हणजे हात घालवत नाही इतक्या गरम. गार पाण्यात धुतलं तर मळ निघतो, किडे सगळे मरत नाहीत. गादी बदलणं परवडत नसेल तर तिला पूर्ण झाकणारं चेनवालं घट्ट विणीचं कव्हर घाला. कपाटावरच्या वाकळा दुसऱ्या खोलीत हलवा. झाडू मारताना आधी पाणी शिंपडा किंवा सरळ ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या झाडूने धूळ फक्त एका कोपऱ्यातून उठून नाकात जाते. पंख्याची पाती पुसताना खाली ओलं फडकं धरा.

कूलरबद्दल लोक बोलतच नाहीत. मागच्या जूनमध्ये बंद केलेला कूलर मार्चमध्ये थेट चालू करतात. जरा मागची जाळी काढून बघा की ओ. ते गवत काळं पडलेलं असतं, हाताला चिकट लागतं, कुबट वास येतो, टाकीच्या तळाला हिरवट साय धरलेली असते. त्यातली बुरशी रात्रभर पंख्याने तुमच्या तोंडावर मारली जाते. गवताच्या ताट्या दर वर्षी नव्या घाला, फार महाग नसतात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. पाणी काही दिवसांआड येतं म्हणून टाकीतलं जुनं पाणी टाकवत नाही हे मला कळतं, पण तेच पाणी संडासला, झाडांना वापरा, कूलरमध्ये साठवू नका. आणि कूलर लावून खिडक्या-दारं बंद करू नका, खोलीत दमट झालं की ते गादीतले किडेही वाढतात. समोरची एक खिडकी उघडी हवी. कूलर खिडकीबाहेर असेल आणि त्याच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत माजलं असेल तर त्याचे परागकण कूलर थेट आत ओढतो, जुळे सोलापूर, विजापूर रोडकडे असे रिकामे प्लॉट भरपूर आहेत.

गाजर गवत म्हणजे आपण ज्याला काँग्रेस गवतही म्हणतो ते, पांढऱ्या बारीक फुलांचं. 1955 च्या सुमारास पुण्यात ते नजरेत भरलं आणि तिथून देशभर पसरलं. याने नाकाचा त्रास होतोच, शिवाय अंगाला लागलं तर कातडीवर चट्टे उठतात, आणि काही लोकांना चेहरा, मान, हात अशा उघड्या भागावर काळपट जाड इसब होतं ते वर्षानुवर्षं जात नाही. उपटायचं असेल तर फुलं यायच्या आत, पावसानंतर माती ओली असताना, मुळासकट, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून. ज्याला ॲलर्जी आहे त्याने याच्या जवळही जाऊ नये, घरातल्या दुसऱ्याने करावं. वेड्या बाभळीचे परागकणही लोकांना त्रास देतात आणि ती तर आपल्याकडे रस्त्याच्या कडेला, नाल्याला, माळावर सगळीकडे. ती तोडून संपणार नाही, त्यामुळे स्वतःला वाचवायचं. वारं सुटलं की खिडक्या बंद, गाडीवर मास्क आणि गॉगल (नुसता ओढणीचा स्कार्फ बारीक कण अडवत नाही), घरी आलं की कपडे बदलून तोंड-हात धुवायचे, आणि रात्री झोपायच्या आधी केस धुवायचे किंवा निदान ओल्या पंचाने पुसायचे. तेल लावलेल्या लांब केसांत दिवसभराचे परागकण चिकटलेले असतात आणि ते सगळे उशीवर जातात, बायकांना पहाटे जास्त त्रास का, याचं हेही एक कारण असतं. सीझनमध्ये कपडे गच्चीऐवजी आत वाळवा.

कामाच्या जागेचं थोडक्यात सांगते पण ते महत्त्वाचं आहे. यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात हवेत कापसाची पिंजर सतत उडत असते, संध्याकाळी भुवयांवर पांढरी बसलेली दिसते. घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या नाकात तंबाखूची धूळ जाते. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परत गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो आणि पुढच्या दिवसांत जरा कमी होतं, असं असेल तर हा नाकाच्या ॲलर्जीचा विषय उरत नाही, कापसाच्या धुळीने फुफ्फुसाला होणारा आजार असू शकतो, छातीच्या डॉक्टरांना "मी मागावर काम करतो" हे स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. विड्या वळायची जागा आणि झोपायची जागा वेगळी ठेवा, एकच खोली असेल तर सूप-तंबाखू झाकून ठेवून ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय अंथरूण टाकू नका.

आता उपाय. माझ्या मते नैसर्गिक उपायांत सगळ्यात भरवशाचा एकच, जलनेती. मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की आत चिकटलेले परागकण, धूळ, शेंबूड सगळं वाहून जातं, आणि याने लक्षणं कमी होतात हे डॉक्टरसुद्धा मान्य करतात. पण आपल्याकडे लोक ती चुकीची करतात आणि मग "आग झाली, डोकं दुखलं" म्हणून सोडून देतात.

पाणी आधी. नळाचं, बोअरचं, पिंपात साठवलेलं, आरओचं, कुठलंही पाणी थेट नाकात घालायचं नाही. चांगली खळखळून उकळी येऊ द्या, उकळी आल्यावर निदान एक मिनिट ठेवा, झाकून कोमट होऊ द्या. हे मी जोर देऊन सांगतेय त्याचं कारण आहे, कोमट साठलेल्या गोड्या पाण्यात एक अमिबा असू शकतो, तो पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून मेंदूत गेला तर माणूस वाचणं फार अवघड असतं. असं फार क्वचित होतं, पण केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदूत अमिबा गेल्याचे रुग्ण सापडलेत. आपल्याकडे पाणी दिवसेंदिवस साठवून वापरतात, त्यामुळे उकळणं टाळूच नका.

मिठाचं माप, अर्धा लिटर पाण्याला चहाच्या चमच्याने सपाट पाऊण चमचा बारीक मीठ (साडेचार ग्रॅम), शक्य असेल तर आयोडीन नसलेलं, आणि चिमूटभर खायचा सोडा. जळजळ होतेय म्हणजे मीठ कमी किंवा जास्त झालंय, साध्या पाण्यानेही आग होते हे लक्षात घ्या. बेसिनवर वाका, मान एका बाजूला कलती करा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या, वरच्या नाकपुडीला नेतीपात्राची तोटी लावा, पाणी खालच्या नाकपुडीतून आपोआप येतं. ओढायचं नाही, गिळायचं नाही. मग दुसरी बाजू. झालं की वाकूनच हळू शिंकरा, एकदम जोरात दोन्ही नाकपुड्या दाबून शिंकरलं तर पाणी कानाकडे जातं. भांडं धुऊन पूर्ण वाळवून ठेवा. नाक अगदी गच्च बंद असेल, कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर करू नका. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये सलाइनचे थेंब मिळतात तेच बरे. झोपायच्या अगदी आधीही नको, निदान तासभर आधी करा. बाहेरून धुळीतून आल्यावर केली तर सगळ्यात जास्त फायदा, गड्ड्याच्या यात्रेतून, नाहीतर शेतातून ज्वारीच्या मळणीवरून आल्यावर करून बघा.

वाफेने तात्पुरतं मोकळं वाटतं, वाईट काही नाही, पण साधी वाफ पुरे. त्यात कापूर, निलगिरी, बाम घातलं की नाक उघडल्यासारखं वाटतं ते त्या गार झिणझिणीमुळे, हवा जायची वाट तेवढीच राहते, आणि दम्याच्या माणसाला तीव्र वासाने धाप लागू शकते. लहान मुलांना पातेल्यावर बसवून वाफ देणं बंदच करा, पातेलं कलंडून पोरं भाजतात.

धुरी मात्र माझ्या मते पूर्ण थांबवायला हवी. ओवा-लसणाच्या सालांची धुरी, धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, बाळाला शेक-शेगडीवर धरणं, यातला कुठलाच धूर ॲलर्जीवाल्या नाकाला चांगला नाही, नैसर्गिक असला तरी धूर तो धूरच. घरातल्या मोठ्यांना हे सांगायला अवघड जातं, मी आमच्या सासूबाईंना म्हटलं आई, उदबत्ती देवघरात एकच लावू आणि खिडकी उघडी ठेवू, त्यांनी ऐकलं.

हळद-दूध, तुळस-आल्याचा काढा, घशाला आराम पडतो, प्या की. पण रोज तीन वेळा मिऱ्या-सुंठीचा कडक काढा घेतला तर ॲसिडिटी वाढते आणि त्या आंबट पाण्यानेच घसा खवखवतो. काढ्यात ज्येष्ठमध रोज महिनोन्‌महिने घातलं तर बीपी वाढतं, बीपीवाल्यांनी टाळा. अडुळसा कफ सुटायला चांगला (त्यातल्याच एका घटकावरून ब्रोमहेक्सिन हे कफाचं औषध तयार झालं) पण तो शिंका थांबवत नाही, आणि गरोदर बाईने घेऊ नये. गावरान मधाने परागकणांची ॲलर्जी जाते असं खूप जण सांगतात, ते मला पटत नाही कारण माशी मध आणते फुलांवरून आणि आपल्याला त्रास देणारे बरेचसे परागकण वाऱ्याने उडणारे असतात. खोकल्याला चमचाभर मध ठीक, एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. दही, केळी, लिंबू बंद करून मुलांना उपाशी मारू नका, ठराविक पदार्थ खाल्ल्यावर लगेच किंवा तासा-दोन तासांत तोंड खाजतं, अंगावर गांधी उठतात असं खरंच होत असेल तरच तो पदार्थ बंद.

नाकपुडीच्या कडेला आतून बोटाने खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला तर काही कण तिथेच चिकटतात, बाहेर पडताना करायला हरकत नाही. पण रोज रात्री आडवं होऊन नाकात तेलाचे थेंब सोडत राहणं, तेही स्वतःच्या मनाने, नको, तेल श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरू शकतं. नस्य करायचंच असेल तर वैद्यांच्या देखरेखीखाली.

डोळे खाजले की चोळू नका, स्वच्छ रुमाल गार पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं. मध, गुलाबपाणी, तूप डोळ्यात काही घालू नका. अंगावर पित्त उठलं तर आपल्याकडे आमसुलाचं पाणी लावतात, गारव्याने खाज कमी होते, गार ओला टॉवेलही तेच काम करतो.

एक गोष्ट मात्र बऱ्याच घरांत सापडते, नाक उघडायचे मेडिकलचे थेंब. टाकले की दोन मिनिटांत नाक मोकळं, म्हणून माणूस महिनोन्‌महिने खिशात बाटली ठेवतो. हे तीन ते पाच दिवसांच्या वर वापरले तर बाटलीचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि तुम्हाला वाटतं ॲलर्जी वाढली. असं असेल तर कुठलाही काढा काम करणार नाही, आधी ते थेंब डॉक्टरांच्या मदतीने सोडवावे लागतात. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे ही वेगळी गोष्ट, तो हळू काम करतो, पूर्ण फरक दिसायला एक-दोन आठवडे लागतात, दोन दिवसांत बंद करू नका. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, स्प्रेचं तोंड कानाच्या दिशेला ठेवा, मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं. जलनेती आधी, स्प्रे नंतर.

आणि लेबल नसलेल्या पुड्या, "शंभर टक्के जडीबुटी, एका डोसात दमा-ॲलर्जी गायब" असं सांगून विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणूनच एवढा पटकन गुण येतो, नंतर चेहरा सुजतो, वजन, साखर, बीपी वाढतं. कुणी आधीच बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

घरचे उपाय कुठे थांबवायचे ते सांगते. छातीतून शिट्टीसारखा आवाज, रात्री खोकून उठून बसावं लागणं, चालताना धाप, म्हणजे दमा तपासायला हवा, नाकाची ॲलर्जी असणाऱ्यांना दमा असण्याची शक्यता जास्त असते. आणि काही खाल्ल्यावर, औषध-इंजेक्शन घेतल्यावर किंवा मधमाशी-गांधीलमाशी चावल्यावर ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वास अडकणं, अंगभर गांधी उठून चक्कर किंवा उलट्या, असं काही झालं तर आमसूल नको, काढा नको, गोळीची वाट बघणंही नको. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. तोपर्यंत माणसाला आडवं करून पाय वर ठेवा, श्वासाला त्रास असेल तर बसवा, उभं करून चालवू नका, तोंडात पाणी ओतू नका.

एवढं सगळं करूनही दीड-दोन महिन्यांत फरक नसेल तर सिव्हिलच्या ईएनटी ओपीडीला किंवा तुमच्या डॉक्टरांना ती वही घेऊन दाखवा. कातडीवर टोचून करायची ॲलर्जीची टेस्ट सांगितली तर ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद कराव्या लागतात, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो, किती दिवस ते तिथेच विचारून घ्या. नक्की कशाची ॲलर्जी ते कळलं तर इंजेक्शनची किंवा जिभेखालच्या थेंबांची ट्रीटमेंट असते, ती तीन ते पाच वर्षं चालते, मध्येच सोडायची असेल तर सुरूच करू नका.